काळ्या यादीतला पांडुरंग

आपल्या होस्टेलवर दरवर्षी दोन साथी हमखास येतात. पावसाळ्यात डोळ्यांची आणि सहावं सेमिस्टर संपलं की पासपोर्टची! कुणाला एमएस करायला जर्मनीला जायचं असतं, कुणाचा मामेभाऊ दुबईला असतो, आणि कुणाला कुठंच जायचं नसतं, पण कंपनीच्या फॉर्ममध्ये पासपोर्ट नंबरचा रकाना असतो आणि तो रिकामा सोडायची लाज वाटते. मी या तिसऱ्या प्रकारातला.

मी वडूजचा. आमच्या घरातला आजवर सर्वांत लांब गेलेला माणूस म्हणजे थोरले चुलते. ते गलाईच्या धंद्यात कोइमतूरला गेले आणि तिथलेच झाले. त्यांना जायला एसटीचं आणि रेल्वेचं तिकीट पुरलं. माझं मात्र फॉर्म भरतानाच गाडं अडलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव दत्तात्रय, आधार कार्डावर दत्तात्रेय आणि सातबाऱ्यावर नुसतंच दत्तू. हे तिघं एकच आहेत हे अख्ख्या आळीला ठाऊक आहे, कॉम्प्युटरला नाही. मग प्रतिज्ञापत्र आलं, झेरॉक्स आल्या, आणि सुट्टीत दोन-तीन खेपा आल्या.

अशाच एका खेपेला कागदांची फाईल काखेत मारून वडुजातल्या हुतात्मा स्मारकापाशी थांबलो होतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन लोक वडूजच्या कचेरीवर चालून आले होते. पोलिसांनी गोळीबार केला. परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार तिथंच पडले. लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलोय. पण त्या दिवशी पहिल्यांदा एक वेगळाच प्रश्न मनात आला. ज्यांनी त्या सरकारविरुद्ध हात उचलला आणि जे देशाबाहेर राहिले, त्यांचं पुढं काय झालं? त्यांना घरी परत यायचं असेल तेव्हा कागद कोण देत असेल?

होस्टेलवर परतल्यावर ग्रंथालयातल्या काकांना हे विचारलं. त्यांनी एकच नाव सांगितलं आणि ते वाचून ये म्हणाले. ते नाव होतं डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. खरं सांगतो, मला ते ठाऊक नव्हतं. आमच्या विंगमध्ये विचारून बघितलं, तर आठ-दहा जणांत एकालाच ठाऊक होतं, आणि तो नागपूरकडचा होता. म्हणून हा लेख.

खानखोज्यांचा जन्म १८८४ सालचा, वर्ध्याचा. वडील सदाशिवराव अर्जनवीस होते. म्हणजे ज्यांना सरकारदरबारी अर्ज लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून देणारे. ज्या पोराला पुढं जन्मभर कुठल्याच सरकारचा कागद धड लाभला नाही, त्याच्या घरची चूल अर्ज लिहिण्यावर पेटत होती! घरात सत्तावन्नच्या उठावाच्या गोष्टी चालायच्या. प्राथमिक शिक्षण वर्ध्याला झालं आणि पुढच्या शिक्षणासाठी ते नागपूरला गेले. तो काळ टिळकांचा होता. वंगभंग, स्वदेशी, परदेशी कापडाच्या होळ्या यांनी पोरं पेटलेली होती. पांडुरंगाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. इंग्रजांशी लढायचं तर लढाईचं शिक्षण पाहिजे, आणि ते इथं मिळणार नाही. टिळकांचा सल्ला घेऊन साधारण १९०६ साली त्यांनी देश सोडला. आधी जपान, आणि तिथून अमेरिका.

आता इथं जरा थांबू या. १९०६ साली एक विशी ओलांडलेला मराठी पोरगा बोटीत बसतो, जपानला उतरतो, तिथून अमेरिकेला जातो. त्याच्याकडं काय काय कागद असतील? आपण लगेच पासपोर्ट, व्हिसा, बँकेचं स्टेटमेंट, तिकिटाची प्रिंट असं म्हणू. पण पहिल्या महायुद्धाच्या आधी जगातल्या बहुतेक देशांत शिरायला पासपोर्टची सक्तीच नव्हती. रशिया आणि तुर्कस्तान यांच्यासारखे थोडे देश तो मागायचे. करारावर जाणाऱ्या मजुरांसाठी इंग्रज सरकारचे वेगळे नियम होते. पण ज्याच्या खिशात बोटीचं भाडं आहे असा विद्यार्थी सरळ बोटीवर चढू शकत होता. अमेरिकेच्या बंदरावर डॉक्टर तपासायचा, पैसे किती आहेत विचारायचे, तोंडाकडं बघायचे, आणि आत घ्यायचे किंवा परत पाठवायचे. हे वाचून फार हेवा वाटला. पण हेवा वाटून घ्यायचं कारण नाही, ते पुढं कळेलच.

अमेरिकेत खानखोज्यांनी दोन गोष्टी एकदमच शिकायला घेतल्या. पहिली लष्करी विद्या. कॅलिफोर्नियात सॅन राफाएलला माउंट टॅमलपायस नावाची लष्करी शाळा होती, तिथं त्यांनी शिक्षण पुरं केलं. आणि दुसरी शेती! एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात बियाणं. आधी ऑरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात आणि मग वॉशिंग्टन स्टेट कॉलेजमध्ये. तिथून ते १९१३ साली पदवी घेऊन बाहेर पडले. आपल्याकडं चार वर्षांत एक डिग्री काढताना केटी लागते, आणि हा गडी वर पोटासाठी कामंही करत होता.

त्या काळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हजारो पंजाबी मजूर होते. लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेवर, फळबागांत राबणारे. खानखोजे त्यांच्यात मिसळले. १९१३ साली लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना आणि इतरांनी मिळून जी संघटना उभी केली, ती तिच्या वर्तमानपत्राच्या नावानं गदर पार्टी म्हणून ओळखली गेली. खानखोजे तिच्या पहिल्या फळीतले. लष्करी शिक्षण घेतलेला माणूस म्हणून लढ्याच्या तयारीची बाजू त्यांच्याकडं होती. अमेरिकेतल्या शेतांवर मेक्सिकन मजूरही असायचे. १९१० साली मेक्सिकोत क्रांती सुरू झाली होती, आणि तिच्या गोष्टी खानखोज्यांनी या मजुरांकडून ऐकल्या. हा धागा लक्षात ठेवा.

मग आलं १९१४ साल, आणि सगळ्या जगाचे दरवाजे धाडधाड बंद झाले. त्याची सुरुवात आपल्या लोकांवरच झाली. मे महिन्यात कोमागाता मारू ही बोट ३७६ भारतीयांना घेऊन कॅनडाच्या व्हँकुव्हर बंदराला लागली. कॅनडानं नियम केला होता की आपल्या देशातून निघून मध्ये कुठंही न थांबता आलेल्यालाच आत घेऊ. भारतातून तशी थेट बोटच नव्हती! म्हणजे नियमात भारतीय हा शब्द कुठंही नाही, आणि तरी अडवला जाणार तो भारतीयच. दोन महिने ती बोट बंदरात उभी राहिली आणि मोजके लोक सोडून सगळ्यांना परत फिरवलं गेलं. ती कलकत्त्याजवळ बजबजला पोचेपर्यंत इंग्रजांनी ५ सप्टेंबरला नवा वटहुकूम काढला होता. त्यानुसार बाहेरून येणाऱ्या कुणालाही अडवून डांबता येत होतं. बजबजला गोळीबार झाला, माणसं मेली.

बघा, त्याच वर्षी दोन मराठी तरुणांच्या वाटा कशा वेगळ्या झाल्या. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे. अमेरिकेत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेलेला, म्हणजे आपल्याच जातकुळीतला! तो १९१४ च्या नोव्हेंबरात बोटीनं कलकत्त्याला उतरला, उठावाच्या तयारीला लागला, मीरतच्या छावणीत बॉम्बसह पकडला गेला. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभाबरोबर त्याला फाशी झाली. खानखोज्यांनी दुसरा रस्ता धरला. समुद्रानं नाही, जमिनीनं. तुर्कस्तान, मेसोपोटेमिया, इराण आणि तिथून बलुचिस्तान, म्हणजे भारताच्या पश्चिमेच्या दारापर्यंत.

ही पाच वर्षं एखाद्या सिनेमासारखी आहेत. कॉन्स्टँटिनोपल, मग मेसोपोटेमियात इंग्रजांच्या फौजेतल्या हिंदी शिपायांमध्ये गुपचूप प्रचार, मग इराण. त्यांच्याबरोबर प्रमथनाथ दत्त नावाचा बंगाली क्रांतिकारक होता, तो दाऊद अली बनला होता. खानखोज्यांनीही मुसलमानी नाव घेतलं, वेश घेतला. किरमान भागात आणि बलुची सीमेवर टोळ्यांना हाताशी धरून इंग्रज फौजांशी चकमकी केल्या. जखमी झाले, पकडले गेले, निसटले, आणि युद्ध संपल्यावरही १९१९ पर्यंत त्या डोंगरांत तग धरून राहिले. वर्ध्याच्या अर्जनवीसाचा मुलगा आपल्या देशाच्या सीमेपासून काही दिवसांच्या वाटेवर होता, आणि त्याला आत येता येत नव्हतं.

तिकडं तो डोंगरात होता तेव्हा इकडं जग बदललं. युद्धात प्रत्येक सरकारला हेरांची भीती वाटू लागली. कोण येतो, कोण जातो याचा हिशोब ठेवायला पासपोर्टची सक्ती झाली. ती तात्पुरती होती, युद्ध संपलं की जाईल असं लोकांना वाटत होतं. गेली नाही. १९२० साली पॅरिसला राष्ट्रसंघाच्या परिषदेत पासपोर्ट कसा असावा हे ठरलं : ३२ पानांची पुस्तिका, एक भाषा आपली आणि दुसरी फ्रेंच. आपल्या हातात जी पुस्तिका येते तिची ही पणजी. त्याच वर्षी इंग्रज सरकारनं भारतात शिरण्यासाठी पासपोर्टचा कायदा केला. म्हणजे खानखोजे देशाबाहेर पडले तेव्हा दाराला कडीच नव्हती, आणि परत यायची वेळ आली तेव्हा दाराला कुलूप होतं. किल्ली ज्यांच्याविरुद्ध लढले त्यांच्याच हातात.

या कुलपाची एक गंमत आपल्या भागातली आहे. आमचं वडूज इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होतं, आणि तिथून थोड्या अंतरावरचं औंध पंतप्रतिनिधींच्या संस्थानात. एकाच तालुक्यात आज असलेली ही दोन गावं. पण परदेशी जायचं झालं तर वडूजचा माणूस ब्रिटिश प्रजाजन ठरायचा आणि औंधचा माणूस ब्रिटिश संरक्षित व्यक्ती. तीच ज्वारीची भाकरी, तीच भाषा, तोच दुष्काळ, आणि कागदावर दोन जाती! नागरिक मात्र दोघंही नव्हते. तो शब्द आपल्याला १९५० साली संविधानानं दिला.

आता खानखोज्यांकडं परत जाऊ. इराणातून ते युरोपात आले. बर्लिनमध्ये हिंदी क्रांतिकारकांचा अड्डा होता. १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्या गटाबरोबर ते मॉस्कोलाही गेले. मदत मिळवायची खटपट झाली, फार काही हाती लागलं नाही. युरोपात राहावं तर तिथून बाहेर घालवले जाण्याची टांगती तलवार. भारतात यावं तर पकडले जाण्याची खात्री. चाळिशी आली होती. घर नाही, पगार नाही, आणि आपण कोण हे सांगणारा कागद नाही.

त्या काळात अशा माणसांची जगात वाण नव्हती. रशियातून लाखो लोक बाहेर पडले होते आणि त्यांना कुठलंच सरकार आपलं म्हणत नव्हतं. नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेन यांनी १९२२ साली अशा लोकांसाठी एक खास प्रमाणपत्र काढायला लावलं. ते नान्सेन पासपोर्ट म्हणून प्रसिद्ध झालं. हिंदी क्रांतिकारकांना मात्र ती सोय नव्हती. जगाच्या हिशोबानं ते बिनदेशाचे नव्हतेच, ते इंग्रजांचे होते! मग प्रत्येकानं आपापला जुगाड केला. मानवेंद्रनाथ रॉय १९१९ साली मेक्सिकोतून युरोपला निघाले ते रोबेर्तो आलेन या नावाच्या मेक्सिकन पासपोर्टवर. त्यांचं मूळ नाव नरेंद्रनाथ भट्टाचार्य, म्हणजे रॉय हे नावही घेतलेलंच!

मेक्सिको या नावावर खानखोज्यांचीही गाडी थांबली. कॅलिफोर्नियाच्या शेतांत ऐकलेली ती क्रांती आता सत्तेवर आली होती. १९२४ साली ते मेक्सिकोला पोचले. आणि इथं त्यांची दुसरी विद्या कामाला आली. बंदुकीनं जे दार उघडलं नाही ते बियाण्यानं उघडलं. मेक्सिको शहराजवळ चापिंगो इथं राष्ट्रीय कृषी विद्यालय आहे, तिथं त्यांना प्राध्यापकाची नोकरी मिळाली.

मला या टप्प्यावर फार गंमत वाटते ती त्यांच्या नावाची. स्पॅनिशमध्ये जे या अक्षराचा उच्चार ह किंवा ख यांच्या मधला होतो. म्हणजे वर्गात हजेरी घेणाऱ्या मास्तरचं नाव पोरांनी कानकोहे असं काहीतरी वाचलं असेल. इराणात वेगळं नाव, मेक्सिकोत वेगळा उच्चार, आणि वर्ध्याला पांडुरंग. मी दत्तात्रय आणि दत्तात्रेय यात अडकलो होतो!

पण काम मात्र एकाच नावानं बोललं. मका हे मेक्सिकोचं देवाइतकं मोठं पीक. खानखोज्यांनी मक्यावर, गव्हावर, कडधान्यांवर, रबरावर संशोधन केलं. मक्याचा रानटी भाऊबंद तेओसिंते, त्याच्याशी मक्याचा संकर केला. थंडीला आणि अवर्षणाला टिकतील अशी वाणं शोधली. आम्हां माण-खटावच्या पोरांना अवर्षणाला टिकणारं वाण या चार शब्दांची किंमत वेगळी सांगायला नको. विद्यालयाच्या कुंपणाबाहेर पडून त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा सुरू केल्या. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही बी कसं निवडायचं, जमीन कशी राखायची ते शिकवलं. प्रसिद्ध छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी या कामाचे फोटो काढले. दिएगो रिव्हेरा हे तर त्यांचे मित्रच. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेरांनी जी चित्रं काढली त्यात आपली भाकरी अशा अर्थाचं एक चित्र आहे. टेबलाभोवती साधी माणसं बसली आहेत आणि मध्यभागी एक माणूस भाकरी मोडून वाटतो आहे. तो चेहरा खानखोज्यांचा मानला जातो. परक्या देशाच्या सरकारी भिंतीवर आपला वर्ध्याचा माणूस भाकरी वाटतोय! फोटो ओळखपत्रासाठी सगळेच काढतात, असा फोटो किती जणांच्या नशिबी येतो?

१९३६ साली त्यांनी बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी लग्न केलं. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. वडील वर्ध्याचे, आई बेल्जियमची, मुली मेक्सिकोत जन्मलेल्या. आणि थोरलीचं नाव सावित्री. नावं ठेवताना माणूस कुठं असतो आणि त्याचं मन कुठं असतं ते कळतं.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. ज्या दिवसासाठी चाळीस वर्षं घराबाहेर काढली तो दिवस उजाडला. खानखोजे साठी ओलांडलेले. आता परत जायला कसली हरकत! त्यांनी भारतात येण्यासाठी व्हिसाचा अर्ज केला.

आणि मित्रांनो, तो अर्ज नामंजूर झाला.

कारण? इंग्रजांनी त्यांच्यावर घातलेली बंदी. सरकार बदललं होतं, झेंडा बदलला होता, पण कपाटातली यादी तीच होती. त्या यादीत खानखोजे धोकादायक. कुणाला धोकादायक, हा प्रश्न यादीला पडत नाही. ज्या राज्याला त्यांच्यापासून धोका होता ते राज्य बोटीत बसून निघूनही गेलं होतं! ज्या देशासाठी हे नाव यादीत चढलं, त्याच देशाच्या कारकुनानं ती यादी बघून नकार लिहिला. तो कारकून वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याच्यापुढं नाव होतं, यादी होती, आणि दोन्ही जुळत होती. त्यानं नियमाप्रमाणं काम केलं. हेच तर वाईट आहे.

नंतर तो निर्णय फिरवला गेला. खानखोजे परत आले, नागपूरला कुटुंबासह स्थायिक झाले. ज्या शहरातून मिसरूड फुटलेल्या वयात बाहेर पडले तिथं म्हातारे होऊन परतले. मधल्या काळात आईवडिलांचं, सवंगड्यांचं काय काय राहून गेलं असेल, त्याचा हिशोब कुठल्या शिक्क्यात येत नाही.

१९६६ साली भारतानं मेक्सिकोतून तब्बल १८,००० टन गव्हाचं बियाणं मागवलं. हरितक्रांतीचं ते बियाणं. ते खानखोज्यांचं नव्हतं, नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून आलेलं होतं, हे स्पष्ट सांगायला हवं. पण ज्या मातीत खानखोज्यांनी तीस वर्षं गहू आणि मका वाढवला, त्याच देशातून आपल्या देशाची भूक भागवायला बोटी आल्या. बियाण्यालाही सीमा ओलांडताना रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते मिळालं, बोटी आल्या. त्या वेळी खानखोजे नागपुरात होते. २२ जानेवारी १९६७ रोजी ते गेले.

आता शेवटचा योगायोग. ते गेल्यानंतर अडीच महिन्यांनी, १० एप्रिल १९६७ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं सतवंत सिंग सॉनी या व्यापाऱ्याच्या खटल्यात निकाल दिला. पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी सांगितलं की परदेशी जाण्याचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि सरकारला लहर लागली म्हणून पासपोर्ट नाकारता किंवा काढून घेता येणार नाही. तोपर्यंत आपल्याकडं पासपोर्ट द्यायचा की नाही हे ठरवणारा कायदाच नव्हता, सगळं सरकारच्या मर्जीवर! त्या निकालामुळं घाईनं वटहुकूम निघाला आणि जूनमध्ये १९६७ चा पासपोर्ट कायदा झाला. पासपोर्ट कुठल्या कारणांनी नाकारता येतो ते त्यात लिहिलं आहे. नाकारला तर एरवी कारण लेखी मागता येतं आणि वर अपील करता येतं. आपण पोलीस पडताळणीला नावं ठेवतो, पण या कायद्याआधी नावं ठेवायलाही जागा नव्हती. मेक्सिकोतही त्यांची आठवण राहिली आहे. २०२२ साली लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगोच्या विद्यापीठात खानखोज्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं.

हे सगळं वाचून झालं आणि माझा पासपोर्ट आला. पोस्टमननं घरी आईची सही घेतली. पहिल्या पानाच्या खाली दोन ओळी असतात, प्रत्येकीत ४४ चिन्हं, म्हणजे अक्षरं, बाण आणि आकडे. कॉम्प्युटरवाल्या मित्रानं समजावलं की त्यातले काही आकडे तपासणीचे असतात. पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, मुदत यांच्या प्रत्येक अक्षराला ७, ३, १ अशा क्रमानं गुणायचं, बेरीज करायची, दहानं भागायचं, उरेल तो आकडा जुळला पाहिजे. आम्ही मेसमध्ये बसून माझा पासपोर्ट हातानं तपासला. जुळला! आकडा बरोबर वाचला गेला की नाही हे यंत्राला त्यातनं कळतं. तो माणूस कोण, त्याचं नाव त्या यादीत कुणी घातलं, का घातलं, हे कळायची सोय त्यात नाही. ती सोय माणसानंच ठेवावी लागते.

मित्रांनो, आपल्यातले किती तरी जण उद्या याच कामाला लागणार आहेत. कुणी सॉफ्टवेअर लिहील, कुणी एमपीएससी करून टेबलामागं बसेल, कुणी कंपनीच्या गेटवर कुणाला आत सोडायचं याची यादी करेल. माझी एवढीच विनंती आहे. कुणाचं नाव यादीत चढवताना त्यापुढं तारीख घाला, कारण घाला, आणि ते नाव उतरवायचा अधिकार कुणाला आहे तेही लिहा. माझ्या पासपोर्टला दहा वर्षांची मुदत आहे, तारीखवार छापलेली. खानखोज्यांच्या नावापुढं तशी मुदत कुणीच लिहिली नव्हती.